यकृताचा रुग्ण आणि घरातला चहाचा कप



घरात कोणाला यकृताचे दुखणे निघाले, की दवाखान्यातून परत आल्याबरोबर पहिला प्रश्न स्वयंपाकघरात उभा राहतो. "आता ह्यांना चहा द्यायचा की बंद करायचा?" गोळ्या कोणत्या, किती वेळा, हे चिठ्ठीवर लिहिलेले असते. पण सकाळी उठल्यावर कपात काय ओतायचे, हे चिठ्ठीवर नसते. मग शेजारची मावशी सांगते, चहा म्हणजे विष. मामा सांगतात, उसाचा रस पाजा. गावाहून आलेला पाहुणा सांगतो, काढा द्या, महिन्यात बरा होईल. आणि रुग्णाच्या हाती कधी रस, कधी काढा, कधी नारळपाणी असे एकामागून एक येत राहते. खर्च होतो, आणि कधी कधी नुकसानही होते.

विहारातल्या बैठकीनंतर आणि महिला मंडळाच्या कार्यक्रमात हे प्रश्न आमच्यापाशी वारंवार येतात. आम्ही पेशाने कारकून, डॉक्टर नव्हे. तेव्हा औषध सांगणे हा आमचा अधिकार नाही. पण वैद्यकशास्त्राने जे तपासून मान्य केले आहे ते सोप्या भाषेत वाचकांपुढे ठेवणे, आणि ऐकीव गोष्टी बाजूला काढणे, एवढे काम आम्ही करू शकतो. या वेळच्या सदरात तेच करीत आहोत.

पिणाराच आजारी पडतो हा गैरसमज

यकृत म्हणजे लिव्हर. उजव्या बरगड्यांखाली असलेला, मोठ्या माणसात सव्वा ते दीड किलो वजनाचा हा अवयव. अन्नाचे पचन झाल्यावर रक्तात येणारा माल आधी याच्याकडे येतो. साखर साठविणे, पित्त तयार करणे, रक्त गोठण्यासाठी लागणारी द्रव्ये बनविणे, औषधे आणि दारू यांची विल्हेवाट लावणे, ही सारी कामे तो करतो. चहा-कॉफीतल्या कॅफिनची विल्हेवाटही तिथेच लागते. म्हणूनच यकृत आजारी असेल तर काय प्यावे, हा प्रश्न गैरलागू नाही.

हे दुखणे दारूनेच होते, असे आपल्या वस्तीत पक्के धरून चालतात. दारू हे मोठे कारण आहे, यात वाद नाही. परंतु दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ए आणि ई होतो. रक्तातून, न उकळलेल्या सुईतून, आईकडून बाळाला हिपॅटायटिस बी होतो. सी हा मुख्यतः रक्तातून पसरतो. साखर, तूप-तेल, बैठे काम आणि मधुमेह यांमुळे यकृतात चरबी साठते. क्षयाच्या औषधांनीसुद्धा काही रुग्णांच्या यकृताला सूज येते. ज्या बाईने आयुष्यात दारूचा वासही घेतला नाही, तिच्याविषयी डोळे पिवळे झाल्याबरोबर कुजबुज सुरू होते. पंचशील पाळणाऱ्या माणसावर असा शिक्का बसला की तो दवाखान्यात जायलाच लाजतो. तपासणी लांबते, आणि दुखणे वाढते. आपल्या जिभेने आपण एखाद्याचे आयुष्य कमी करीत असतो, हे लक्षात घ्यावे.

तथागतांनी सांगितलेले रुग्णाचे गुण

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता, आणि त्याची शुश्रूषा कोणी करीत नव्हते. तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतःच्या हातांनी धुतले, उचलून बिछान्यावर निजविले, आणि भिक्खूसंघाला आजाऱ्याच्या सेवेचा धडा दिला. त्याच ठिकाणी रुग्ण कसा असावा आणि शुश्रूषा करणारा कसा असावा, हेही सांगितले आहे. चांगला रुग्ण आपल्याला मानवेल तेच करतो, मानवणाऱ्या गोष्टीचेही प्रमाण जाणतो, औषध घेतो, दुखणे जसे आहे तसे सांगतो, आणि वेदना सोसतो. शुश्रूषा करणाऱ्याला औषध तयार करता यावे, पथ्य-अपथ्य कळावे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने त्याने सेवा करावी, घाणीची किळस करू नये आणि रुग्णाला धीर द्यावा.

अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या रुग्णालयाच्या भिंतीवर लावावी अशी आहे. यातले दोन गुण आजच्या विषयाचे सार आहेत, असे आम्हास वाटते. मानवणाऱ्या गोष्टीचेही प्रमाण जाणणे हा एक, आणि खरे सांगणे हा दुसरा. पुढे जे जे सांगत आहोत ते या दोहोंच्या आधाराने वाचावे.

चहा-कॉफी : विष नाही, औषधही नाही

प्रथम सरळ उत्तर. यकृताचे दुखणे आहे एवढ्याच कारणाने चहा किंवा कॉफी बंद करावी लागत नाही. उलट गेल्या तीसएक वर्षांत निरनिराळ्या देशांत झालेल्या अभ्यासांत असे दिसून आले आहे, की नियमित कॉफी पिणाऱ्यांत यकृत कठीण होण्याचे, म्हणजे सिरॉसिसचे, आणि यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण कमी असते. युरोपातील यकृततज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली यकृताच्या कर्करोगाविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत जुनाट यकृतविकार असलेल्यांना कॉफीसाठी उत्तेजन द्यावे असे म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनेही २०१६ साली कॉफीला संशयितांच्या यादीतून वगळले. मात्र त्याच वेळी ६५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त गरम पेय अन्ननलिकेच्या कर्करोगाला कारण होऊ शकते, असा इशाराही दिला. तेव्हा उकळता चहा घशाखाली ओतणाऱ्यांनी दोन मिनिटे थांबावे.

पण याचा अर्थ कॉफी म्हणजे औषध असा कोणी काढू नये. कॉफीने हिपॅटायटिसचे विषाणू मरत नाहीत, कठीण झालेले यकृत पूर्ववत होत नाही, आणि दारूचा परिणाम धुऊन जात नाही. ज्याने कधी कॉफी घेतली नाही, त्याने ती औषध म्हणून सुरू करण्याचे कारण नाही. ज्याला छातीत धडधड होते, झोप लागत नाही, रक्तदाब आटोक्यात नाही किंवा जी भगिनी गरोदर आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे. चहाविषयी कॉफीइतका भक्कम पुरावा नाही. पण बेताने घेतलेला चहा यकृताला घातक आहे, असेही नाही.

आता बेत म्हणजे किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली काढलेल्या आहारविषयक पुस्तिकेत आकडे दिले आहेत. दीडशे मिलिलिटरच्या एका कपात चहातून ३० ते ६५ मिलिग्रॅम, झटपट कॉफीतून ५० ते ६५ मिलिग्रॅम, आणि गाळून केलेल्या कॉफीतून ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन मिळते. निरोगी माणसाने दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. म्हणजे कडक चहाचे चार-पाच पूर्ण कप झाले की मर्यादा आली. ज्याचे यकृत आजारी आहे त्याने त्याच्या बरेच खाली राहावे.

खरी अडचण साखरेची आणि भुकेची

आपल्या घरातला चहा म्हणजे नुसते चहाचे पाणी नव्हे. त्यात दूध असते, आणि साखर असते. एका कपाला दोन चमचे धरले आणि दिवसाचे पाच कप धरले, तर दहा चमचे झाले. चमच्याला चार-पाच ग्रॅम, म्हणजे ४० ते ५० ग्रॅम साखर नुसत्या चहातून पोटात गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली चांगली मर्यादा दिवसाला सुमारे २५ ग्रॅमची आहे. फॅटी लिव्हर असलेल्या रुग्णाला चहाच्या पत्तीपेक्षा ही साखरच अधिक बाधते. गुळाचा चहा केल्याने हिशेब बदलत नाही, गूळही साखरच. साखर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करीत गेले, की जिभेला महिनाभरात सवय होते. यासाठी पैसा लागत नाही, उलट वाचतो.

दुसरी अडचण अधिक गंभीर. पहाटे पाळीला जाणारा माणूस चहा-खारीवर निघतो, दुपारी एक कटिंग, संध्याकाळी एक कटिंग. चहाने भूक मरते. सिरॉसिसच्या रुग्णाचे स्नायू झपाट्याने झिजतात. त्याला निरोगी माणसापेक्षा अधिक प्रथिने लागतात. वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम, असे प्रमाण तज्ज्ञ सांगतात. त्याला डाळ, अंडे, दही, मासळी यांऐवजी चहावर ठेवले तर यकृताच्या आधी माणूस खंगतो. म्हणून चहा जेवणाच्या जागी नको. जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा-कॉफी टाळावी, कारण त्यातील टॅनिनमुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही.

रात्रीचे जेवण आणि सकाळचा नाश्ता यांत दहा-बारा तास उपाशी राहणेही सिरॉसिसच्या रुग्णाला सोसत नाही. निजण्यापूर्वी कपभर दूध आणि त्यासोबत पोळी-भाकरीचा तुकडा किंवा दोन बिस्किटे द्यावीत. रात्रीच्या चहाऐवजी हे दूध दिले, तर झोपही बिघडत नाही आणि अंगही धरते.

झोप उलटली तर चहा नव्हे, डॉक्टर

निरोगी माणसाच्या शरीरातून कॅफिनचा निम्मा भाग चार ते सहा तासांत निघून जातो. सिरॉसिस वाढलेला असेल तर हाच काळ कित्येक पटींनी लांबतो. संध्याकाळी पाचला घेतलेला चहा मध्यरात्रीही रक्तात जागा असतो. म्हणून अशा रुग्णाचा शेवटचा चहा दुपारी दोनच्या आत व्हावा, आणि तोही अर्धा कप.

येथे घरच्यांनी एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. सिरॉसिसचा रुग्ण दिवसा पेंगतो आणि रात्रभर टक्क जागा असतो, असे होऊ लागले तर ते निव्वळ झोपेचे दुखणे नसते. यकृताने न गाळलेली द्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचू लागल्याची ती पहिली खूण असू शकते. पुढे बोलण्यात गोंधळ होतो, सही वाकडी येते, हात पुढे धरले तर पंजे फडफडतात, माणूस ओळखीच्या रस्त्यावर चुकतो. अशा वेळी 'जरा तरतरी येईल' म्हणून कडक चहा किंवा कॉफी पाजत बसू नये. त्याने खूण झाकली जाते आणि अमूल्य वेळ जातो. तडक रुग्णालय गाठावे. या रुग्णांना डॉक्टर बहुधा लॅक्टुलोज नावाचे गोड पातळ औषध देतात. त्याने शौचास अधिक वेळा जावे लागते, म्हणून घरचे ते परस्पर बंद करतात. तसे करू नये. दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौच व्हावे, हाच त्या औषधाचा हेतू असतो. जुलाबच लागले तर डॉक्टरांना विचारून मात्रा कमी करावी.

औषध कशाबरोबर गिळायचे, यालाही महत्त्व आहे. पोटात पाणी झालेल्या काही रुग्णांना जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून नॉरफ्लॉक्सासिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या दिलेल्या असतात. दुधाबरोबर त्या घेतल्या तर पुरेशा अंगी लागत नाहीत. आणि सिप्रोफ्लॉक्सासिनमुळे कॅफिन शरीरात अधिक काळ रेंगाळते. तेव्हा गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यावी. दुधाच्या चहाबरोबर गोळ्या गिळण्याची सवय आपल्या घराघरांत आहे. ती मोडलीच पाहिजे.

हिपॅटायटिस सीच्या रुग्णांसाठी दोन शब्द. पूर्वी या आजाराला इंटरफेरॉनची इंजेक्शने सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागत. झोप उडे, चिडचिड होई, त्यात चहा-कॉफीची भर पडली की रुग्ण हैराण होई. आता बहुतेकांना बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी हा आजार पूर्ण बरा होतो. शंभरात पंचाण्णवांच्या आसपास रुग्ण बरे होतात. भारत सरकारने २८ जुलै २०१८ रोजी सुरू केलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी व औषधे सरकारी केंद्रांत मोफत आहेत. या गोळ्यांच्या काळात दिवसाला दोन कप चहा बहुतेकांना चालतो. डोके दुखले किंवा झोप उडाली तर तो कमी करावा. पण 'चहा चालतो का' याच्या विचारात एक दिवसही गोळी चुकवू नये. चहा चुकला तर चालेल, गोळी चुकता कामा नये.

बाकीची पेये

पाणी : सर्वांत उत्तम पेय पाणीच, पण ते शुद्ध हवे. १९५५-५६च्या हिवाळ्यात दिल्लीच्या पिण्याच्या पाण्यात यमुनेतून सांडपाणी शिरले आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. ती हिपॅटायटिस ईची साथ होती, हे पुढे रक्ताच्या जतन केलेल्या नमुन्यांवरून कळले. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार झाला तर शंभरात वीस-पंचवीस भगिनी दगावतात. पाणी खळखळून उकळल्यास हा विषाणू मरतो. चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क मिळवून देण्यासाठी ओंजळ भरली. आज वस्तीच्या नळाला गटाराचे पाणी मिसळत असेल तर त्याविरुद्ध अर्ज करणे, पाठपुरावा करणे, हाही त्याच लढ्याचा भाग आहे.

किती पाणी प्यावे, याचे एकच उत्तर नाही. साध्या काविळीत तहानेप्रमाणे भरपूर प्यावे. पोटात पाणी झालेल्याला मात्र मीठ कमी करणे हे पहिले पथ्य. साऱ्या दिवसाचे मिळून एक सपाट चमचा, सुमारे ५ ग्रॅम. पाणी तोडणे हे रक्तातील सोडियम फार घसरले असेल तरच, आणि डॉक्टरांनी सांगितले तरच. तहानलेल्या रुग्णाला घरच्यांनी आपल्या मनाने पाण्यावाचून ठेवू नये.

ताक, लिंबू-सरबत, सोडा : पोटात पाणी असेल तर यांतले मीठ घातक. बिनमिठाचे ताक चालते. अपचनावर पाण्यात टाकायच्या फसफसत्या पुडीतही सोडियम असते, हे विसरू नये.

नारळपाणी : काविळीत चांगले. परंतु पोटातले पाणी उतरविण्यासाठी स्पायरोनोलॅक्टोनच्या गोळ्या चालू असतील, तर त्या शरीरात पोटॅशियम वाढवितात, आणि नारळपाण्यातही पोटॅशियम भरपूर असते. दोन्ही मिळून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. विचारल्याशिवाय देऊ नये.

उसाचा रस : 'काविळीवर रामबाण' म्हणून याची ख्याती आहे. उसाच्या रसात साखर असते, तिने थोडी शक्ती येते. कावीळ त्याने बरी होत नाही. गाडीवरचा न धुतलेला ऊस, कारखान्यातला बर्फ आणि बादलीतले पेले यांतून ज्या पाण्याने कावीळ झाली तेच पाणी पुन्हा पोटात जाते. मधुमेह आणि फॅटी लिव्हर असलेल्यांनी तर दूरच राहावे.

थंड पेये आणि शक्तिवर्धक बाटल्या : अडीचशे मिलिलिटरच्या थंड पेयात पाच-सहा चमचे साखर असते. 'एनर्जी' म्हणून टपरीवर मिळणाऱ्या बाटल्यांत साखरेबरोबर लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन घालण्यास परवानगी आहे. बाटलीवरच लिहिलेले असते, की लहान मुले आणि गरोदर स्त्रियांनी घेऊ नये. रात्रपाळी करणारी आपली तरुण मुले पाण्यासारख्या त्या पितात. आजारी यकृताला यांची काडीचीही गरज नाही.

काढे आणि आसवे : झाडपाला म्हणजे निर्धोक, ही समजूत सोडावी. करोनाच्या काळात, २०२० साली, गुळवेलीचा काढा नियमित घेणाऱ्या काही रुग्णांना यकृताची इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदविले. काही आसवे-अरिष्टांत मद्यार्क असतो. बाटलीवरचे बारीक अक्षर वाचावे. हिरवा चहा कपातून घेण्यास हरकत नाही, पण वजन घटविण्यासाठी विकल्या जाणाऱ्या त्याच्या अर्काच्या गोळ्यांनी यकृत बिघडल्याची उदाहरणे आहेत.

हिपॅटायटिस ए आणि ई हे बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. म्हणून काविळीची माळ घालणारा, डाग देणारा आणि चुन्याच्या पाण्यात हात धुऊन 'पिवळे काढणारा' या सर्वांना यश मिळाल्यासारखे दिसते. हातावर आधी चोळलेला झाडाच्या सालीचा रस चुन्याशी मिळून पाणी पिवळे करतो. शरीरातली कावीळ त्यात उतरत नाही. हळद बंद केल्यानेही डोळ्यांचा पिवळेपणा जात नाही, कारण तो हळदीचा नसतोच. परंपरेने आले, पुष्कळांनी सांगितले, म्हणून मानू नका, तपासून घ्या, ही कालामांना केलेली शिकवण काविळीच्या माळेलाही लागू आहे.

दारू : येथे प्रमाण नाही

वर सर्वत्र प्रमाण सांगितले. दारूपाशी आल्यावर प्रमाण संपते. यकृताचा कोणताही आजार असो, देशी असो की विदेशी, बिअर असो की ताडी, एक घोटही नको. पंचशीलातले पाचवे शील आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली दारू न पिण्याची प्रतिज्ञा आपण सर्व जाणतो. काही वडीलधारी विचारतात, मग चहाही नशाच की? आमच्या मते नाही. पाचवे शील ज्याने भान सुटते, प्रमाद घडतो, त्या मद्याविषयी आहे. चहाने कोणी बायकोवर हात उचलल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

मात्र एक कटू गोष्ट बोलली पाहिजे. शील मोडले याची लाज वाटते म्हणून आपला माणूस डॉक्टरांपुढे 'कधीच घेत नाही' असे सांगतो, आणि शेजारी उभी असलेली बायको मान खाली घालते. खोट्या माहितीवर खरा उपचार होत नाही. दुखणे जसे आहे तसे सांगणे, हा तथागतांनी सांगितलेला गुण येथे कामी येतो. डॉक्टरांपुढची कबुली म्हणजे बदनामी नव्हे. शिवाय रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर हातपाय थरथरणे, भास होणे, झटके येणे असे प्रकार होतात. म्हणून सोडायची ती जरूर, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तो सोडायला निघाला असेल तर वस्तीने त्याला हसू नये, हात द्यावा.

वेगळा कप ठेवू नका

आता शेवटचे, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. हिपॅटायटिस बी किंवा सी निघाल्यावर कित्येक घरांत रुग्णाचा कप-बशी वेगळी होते. ताट वेगळे, लोटा वेगळा, नातवंडांना जवळ जाऊ देत नाहीत. हे दोन्ही आजार एका कपातून चहा प्यायल्याने, एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने पसरत नाहीत. रक्तातून पसरतात. म्हणून दाढीचे पाते, दात घासायचा ब्रश, नखे कापायची वस्तू आणि सुई वेगळी ठेवावी, जखम झाकावी, पती-पत्नीने डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, घरातल्या सर्वांची तपासणी करून हिपॅटायटिस बीची लस घ्यावी. नवजात बाळाला ती चोवीस तासांच्या आत मिळते, ती चुकवू नये. हिपॅटायटिस ए आणि ईमध्ये शौचानंतर आणि स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुणे, भांडी स्वच्छ पाण्याने घासणे पुरेसे आहे.

वेगळा कप म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला कळणार? गावच्या हॉटेलाबाहेर वळचणीला ठेवलेली फुटकी कप-बशी आपल्या बापजाद्यांनी स्वतः धुऊन त्यात चहा घेतलेला आहे. ती कप-बशी आपण आपल्याच घरात, आपल्याच आजारी माणसासमोर पुन्हा मांडायची काय? ज्या कपात सारे घर पिते त्याच कपात त्याला द्या. त्यात साखर कमी घाला, वेळ पाळा, आणि शेजारी बसून प्या.

एक वही घाला. हे आम्ही आमच्या धंद्याच्या सवयीने सांगतो. रोज सकाळी रुग्णाचे वजन, दिवसभरात काय काय आणि किती प्याला, शौच किती वेळा, रात्री झोप कशी, गोळ्या घेतल्या की नाही, एवढे लिहा. शाळेत जाणारी मुलगी हे सहज लिहील. दोन-तीन दिवसांत वजन एकदम वाढले, रक्ताची उलटी झाली, शौच डांबरासारखे काळे झाले, ताप येऊन पोट दुखू लागले, किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर वही घेऊन ताबडतोब रुग्णालयात जा. डॉक्टर घाईत असले तरी वहीतले पान अर्ध्या मिनिटात वाचतात, आणि त्या पानावरून आपल्या माणसाला चहा किती, पाणी किती, हे ठरवून देऊ शकतात. तसे लिहून मागा. विचारायला लाजू नका.

पुढच्या अंकी हिपॅटायटिस बीच्या लसीविषयी आलेल्या प्रश्नांची उत्तरे देऊ. तोवर ज्यांच्या घरी यकृताचा रुग्ण आहे त्यांनी आजच एक नवी वही आणावी, आणि वेगळा ठेवलेला कप असेल तर तो घरच्या कपांत मिसळून टाकावा.

जयभीम! नमो बुद्धाय!